साबणाचं रिकामं खोकं : १९४७ चं कायदा खातं नक्की करायचं तरी काय?

चिकूचं_झाड

रात्री जेवणं उरकली की गेले काही आठवडे मी महाराष्ट्र शासनाने छापलेल्या आंबेडकरांच्या खंडांपैकी १४ वा आणि १५ वा घेऊन बसतोय. १४ वा हिंदू कोड बिलाचा (हिंदूंचे लग्न-वारशाचे कायदे एकत्र करायचं विधेयक), १५ वा कायदामंत्री असतानाच्या नि नंतरच्या भाषणांचा. वाचायला सुरुवात केली ती उगाच, लेकीला शाळेत प्रोजेक्ट होता 'स्वतंत्र भारताचं पहिलं मंत्रिमंडळ' म्हणून, तिचं प्रोजेक्ट चार्टपेपरवर फोटो चिकटवून कधीच संपलं पण माझं अजून चालूच आहे.

तर झालंय असं की १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात बाबासाहेब स्वतःच सांगतात की नेहरूंनी बोलावलं तेव्हा मला हे खातं नकोच होतं, कारण व्हाइसरॉयच्या कौन्सिलात असताना आम्हीच कायदा खात्याला साबणाचं रिकामं खोकं म्हणायचो, म्हाताऱ्या वकिलांना खेळायला बरं. म्हणजे हा माणूस ४२ ते ४६ मजूर खातं सांभाळून आलेला, पाटबंधारे वीज सगळं बघितलेलं, आणि याच्या हातात खोकं. त्यांना नियोजनाचं खातं हवं होतं, मिळेल असं सांगितलं गेलं, ते उशिरा निघालं आणि त्यातही ते नव्हते.

मला प्रश्न पडला तो असा, की घटना एक बाजूला ठेवा (ती संविधान सभेची, मसुदा समितीची, तांत्रिकदृष्ट्या खात्याची नव्हेच), हिंदू कोड बिल सगळ्यांना माहितीय, पण ही दोन सोडून ४७ ते ५१ अशी चार वर्षं हे न्यायखातं रोज सकाळी ऑफिस उघडून करायचं काय? आपल्याकडे यावर कोणी बोलतच नाही. मिसळपाव साइटवरच्या मंडळींसारखी खोचक उत्तरं चालतील पण माहिती पायजे.

तिरकस

जागा धरायला रुमाल टाकून ठेवतो.

(फायलीवर फाईल ठेवायचे. दुसरं काय करणार सरकारी खातं.)

निवृत्त_बाबू

चिकूशेठ, धागा आवडला, पण पहिल्याच घासाला खडा. तुम्ही 'न्यायखातं' म्हणताय ते चूक आहे. आपल्या मंत्रालयात 'विधी व न्याय विभाग' असा जोडशब्द आहे (आयुष्याची ३१ वर्षं मी त्याच विभागात काढली), त्यामुळे आपल्याला वाटतं दिल्लीतही तसंच असणार. दिल्लीत तेव्हा नुसतं कायदा मंत्रालय. न्याय विभाग, म्हणजे हायकोर्ट सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांच्या नेमणुका वगैरे, तो गृहखात्यात होता, आणि एकदोन वर्षं नाही, ३१ डिसेंबर १९७९ पर्यंत! गृहसचिव हाच न्याय विभागाचाही सचिव. म्हणजे ४७ साली न्यायाधीशांचं टेबल सरदार पटेलांकडे आणि कायद्याची भाषा आंबेडकरांकडे.

आता खोकं रिकामं का वाटलं असेल ते बघा. न्यायाधीश नेमायचे नाहीत, पोलीस नाहीत, तुरुंग तर प्रांतांकडे. १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा सभागृहात मांडला तोही पटेलांनी. कायदा मंत्रालय म्हणजे दुसऱ्या खात्यांनी आणलेल्या मजकुराला कायद्याचे कपडे शिवून देणारं शिंप्याचं दुकान. हे काम मी केलंय म्हणून सांगतो, कापड दुसऱ्याचं, माप दुसऱ्याचं, बसलं नाही तर शिव्या तेवढ्या शिंप्याला.

चिकूचं_झाड

बाबूकाका, मान्य, चूक माझी. शीर्षकात 'कायदा खातं' लिहिलं आणि खाली नकळत न्याय आलं. ७९ पर्यंत ही गोष्ट खरंच माहीत नव्हती. मग शिंप्याच्या दुकानातलं सांगा की जरा, त्या चार वर्षांत काय काय शिवलं?

निवृत्त_बाबू

सांगतो, पण कंटाळा आला तर बोलू नका.

१५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला पण कायदे सगळे जुनेच राहिले. राहणारच, एका रात्रीत दंड संहिता कोण लिहितो. घटनेचं कलम ३७२ तेच सांगतं, आधीचे कायदे बदलेपर्यंत चालू. पण प्रत्येक पानावर 'ब्रिटिश इंडिया', 'हर मॅजेस्टी', 'क्राउन', 'गव्हर्नर जनरल इन कौन्सिल'. दंड संहितेच्या १२१ व्या कलमात राणीविरुद्ध युद्ध पुकारणाऱ्याला फाशी, आता कुठली राणी? ते सगळं वेचून वेचून बदलायचं, आधी ४७-४८ ला एकदा कारण तेव्हा अजून डोमिनियन, म्हणजे नावापुरता ब्रिटिश राजा असलेला स्वतंत्र देश होतो, मग २६ जानेवारी १९५० ला दुसऱ्यांदा कारण आता प्रजासत्ताक झालो. राणीच्या जागी भारत सरकार आलं. आणि हे नुसतं शोधा-बदला नव्हे हो, तेव्हा कॉम्प्युटर कुठला, एखाद्या कायद्यात क्राउन म्हणजे केंद्र असतं, दुसऱ्यात प्रांत असतो, तिसऱ्यात खरोखरचा राजा. चुकीचा शब्द पडला तर शंभर खटले. आम्ही तरुणपणी एका अधिनियमात 'किंवा' च्या जागी 'आणि' छापून गेलं होतं त्याचं शुद्धिपत्रक काढेपर्यंत साहेबांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं.

गंमत म्हणजे 'काळं पाणी' ५० च्या वेळी तसंच राहिलं. जन्मठेपेसाठी 'ट्रान्सपोर्टेशन' हा शब्द दंड संहितेतून ५५ च्या दुरुस्तीने गेला. राणी गेली, अंदमानची बोट आणखी पाच वर्षं कागदावर चालू होती.

तिरकस

काका, शब्द मागे घेतो. ही बोट भारी आहे.

वकीलसाहेब

बाबूकाकांनी शिंपीकाम म्हटलं ते ठीक पण एक मोठी गोष्ट सुटली. लंडनची प्रिव्ही कौन्सिल!! स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली तरी आपली शेवटची अपिलं लंडनला जात होती. आधी फेब्रुवारी ४८ पासून दिवाणी अपिलांचा मोठा वाटा दिल्लीच्या फेडरल कोर्टाकडे वळवला आणि मग सप्टेंबर ४९ मध्ये आंबेडकरांनी संविधान सभेत विधेयक मांडून प्रिव्ही कौन्सिलचा अधिकारच संपवला, १० ऑक्टोबर १९४९ पासून लागू. मग २८ जानेवारी ५० ला सुप्रीम कोर्ट, तेही संसद भवनातल्या नरेंद्र मंडळाच्या (संस्थानिकांच्या सभेच्या) दालनात, स्वतःची इमारत ५८ ला मिळाली.

आपल्या लोकांना लंडन म्हणजे काय होतं ते सांगतो. ताई महाराज प्रकरण. पुण्यातल्या एका सरदार घराण्यातलं दत्तकाचं भांडण, दत्तकविधान झाला औरंगाबादेत, १९०१ सालचा, टिळक त्यात विश्वस्त म्हणून अडकलेले, खोट्या साक्षीचा खटला पण अंगावर आला, आणि शेवटी टिळकांच्या बाजूने निकाल लागला तो १९१५ ला, प्रिव्ही कौन्सिलमध्ये. पोर निजामाच्या मुलखातलं, आई पुण्याची, दत्तक कोणता खरा ते ठरवणार लंडनमधले लॉर्ड. पत्रव्यवहार बोटीने. हे ज्या कायद्याने बंद झालं तो कायदा किती पानांचा असेल? जेमतेम काही कलमं. पण मी शिकत होतो तेव्हा आमच्या सरांनी यावर एक अख्खा तास घेतला होता.

अवांतर: आंबेडकर बंगालमधून संविधान सभेवर गेले होते, फाळणीत ती जागा गेली, मग मुंबईतून परत निवडून आले ते बॅ. जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर. आणि जयकर स्वतः एके काळी त्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर बसलेले. वर्तुळ.

पंचगंगाकाठ

वाचनखूण साठवली. संस्थानांचं कुणीच बोलेना म्हणून लिहितोय. कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ ला, सांगली मिरज औंध फलटण सावंतवाडी ही मंडळी त्याआधी ८ मार्च ४८ ला. आता इतकी संस्थानं, प्रत्येकाचे कायदे वेगळे, कोल्हापुरात तर स्वतःचं हायकोर्ट होतं. शाहू महाराजांनी १९१९ लाच आंतरजातीय लग्नाचा नि घटस्फोटाचा कायदा केलेला, ब्रिटिश मुलखात हिंदू म्हणून राहून असं लग्न करायची तेव्हा सोय नव्हती. मग विलीन संस्थानांना केंद्राचे कायदे लावणारा कायदा १९४९ चा, हा पण याच खात्याचा.

आजोबा कोल्हापूरच्या कोर्टात कारकून होते. ते सांगायचे विलीनीकरणानंतर वकीलमंडळी रस्त्यात भेटली की एकमेकांना नमस्कार करायच्या आधी विचारायची, 'आता अपील कुठं?' उत्तर असायचं मुंबई. पॅसेंजर गाडी, रात्रभर प्रवास, पक्षकार भाकरी बांधून. ते अपील परत कोल्हापुरात आलं ते १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा. ७६ वर्षं!! आजोबा असते तर त्या दिवशी काम बघायला गेले असते, नुसते मागच्या बाकावर बसायला.

गोदातीर

आमच्या मराठवाड्याची कथा त्याहून निराळी. निजामाकडं स्वतःची दंड संहिता, कोर्टाची भाषा उर्दू. पोलीस ॲक्शन ४८ ला झाली तरी केंद्राचे कायदे लागू व्हायला १ एप्रिल १९५१ उजाडला, भाग ब राज्यं (मुख्यतः जुन्या संस्थानांची झालेली राज्यं) कायदा म्हणून. एका दिवसात सगळ्या वकिलांची पुस्तकं रद्दी झाली बघा.

माझे चुलत आजोबा परभणीला वकिली करायचे, उस्मानियाचे शिकलेले, उर्दू इतकी सुंदर की नोटीस सुद्धा ऐकाविशी वाटायची म्हणे. ५१ नंतर चाळिशीत माणूस इंग्रजी कलमं पाठ करायला लागला, रात्री कंदील लावून, आजी म्हणायची ह्यांची परत मॅट्रिक लागली. त्यांच्या वहीत डाव्या पानावर जुन्या कलमाचा उर्दू आकडा नि उजवीकडं नवीन इंग्रजी असं आखलेलं होतं. ती वही मी पाहिलीय, वाळवी लागली होती कोपऱ्याला.

आणि एक, निजाम म्हटलं की सगळे हसतात, पण न्यायखातं नि कार्यकारी खातं वेगळं करायचा फर्मान तिकडं १९२१ ला निघाला. मुंबई राज्यात तसा कायदा झाला १९५१ ला. तीस वर्षं उशिरा. हे आमच्याकडल्या जुन्या वकिलांनी शेवटपर्यंत तोंडावर मारलं पुणेकरांच्या.

तिरकस

पुणेकरांच्या तोंडावर काही मारलं तरी ते दुपारी १ ते ४ झोपलेले असतात.

शिवाय_काय

हे सगळं ठीक आहे पण एकाच माणसाला सगळं श्रेय द्यायची सवय जात नाही आपली. मसुदे लिहिणारे अधिकारी होते. घटनेचे सल्लागार बी. एन. राव, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी. कायदा सचिव के. व्ही. के. सुंदरम, तेच पुढे दुसरे मुख्य निवडणूक आयुक्त झाले. हिंदू कोडसुद्धा त्याच रावांच्या समितीने १९४१ पासून केलेलं. मंत्री फक्त मांडतो.

चिकूचं_झाड

@शिवाय_काय, अर्धं बरोबर अर्धं नाही. मुखर्जींचं श्रेय तर आंबेडकरांनीच सभागृहात नाव घेऊन दिलंय, २५ नोव्हेंबर ४९ च्या भाषणात, रावांचंही. राव समितीत आपले पुण्याचे ज. र. घारपुरे पण होते, लॉ कॉलेजवाले. समिती साक्षी घ्यायला पुण्या-नागपूरला पण आली होती.

पण 'फक्त मांडतो' हे पटत नाही. राव समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. प्रवर समितीत (विधेयक तपासणाऱ्या निवडक सदस्यांच्या समितीत), आंबेडकर अध्यक्ष असताना, तो बरोबरीचा झाला. हा अर्धा कुणी वाढवला? कारकुनाने? आणि सभागृहात उभं राहून शास्त्री-पंडितांना स्मृतींचेच दाखले देत तासन् तास उत्तरं कोण देत होतं, मधुमेहाने पाय दुखत असताना. एक मुद्दा मला फार आवडला त्यांचा, घटस्फोट म्हणजे धर्म बुडाला म्हणणाऱ्यांना ते सांगतात की हिंदूंमध्ये बहुसंख्य शूद्र आहेत आणि त्यांच्यात रूढीने काडीमोड होताच की. मूठभरांच्या चालीला तुम्ही सगळ्यांचा धर्म म्हणताय. आपल्या गावात बघा, पाट लावणं मोहतूर लावणं हे बाईच्या दुसऱ्या लग्नाचे शब्द काय आकाशातून पडले का?

वकीलसाहेब

+१. शिवाय मुंबई प्रांताने ४६ ला द्विभार्याप्रतिबंधक नि ४७ ला घटस्फोटाचा कायदा केला होताच, बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ ला. म्हणजे मराठी माणसाला यात नवीन फार नव्हतं. भांडण खरं होतं ते जमिनीचं. लग्नाबिग्नाचं नाव पुढे, पोटात दुखणं सातबाऱ्याचं.

निवृत्त_बाबू

हे मात्र लाखातलं बोललात.

निवडणूक कायदेही विसरू नका. लोकप्रतिनिधित्वाचे दोन कायदे, १९५० चा मतदारयाद्यांचा आणि ५१ चा प्रत्यक्ष निवडणुकीचा, दोन्ही याच मंत्र्याच्या हातून गेले. आधीच्या निवडणुकांत मत द्यायला कर भरलेला हवा, शिक्षण हवं, जमीन हवी. आता एकवीस वर्षं वय पुरे. यादी करायला गेले तर उत्तरेत बायका नावच सांगेनात, अमक्याची आई तमक्याची बायको, सुमारे २८ लाख बायकांची नावं त्यापायी गळली. नियतीचा खेळ बघा, त्याच कायद्याखाली ५२ ची पहिली निवडणूक झाली, उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात आंबेडकर स्वतः पडले, काजरोळकरांकडून.

गोदातीर

कायदा करणारा स्वतःच्या कायद्याखाली पडतो आणि घरी जातो. आजकालच्या लोकांनी बघावं. (राजकारण नाही हो संपादक महोदय, इथंच थांबतो.)

शुभदा_ता

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज राहवेना. वकीलसाहेबांनी सातबारा म्हटलं म्हणून.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. आजोबा २००१ ला गेले. बाबा नि काका दोघं, आत्या एक. दिवस झाले, गोडाचं जेवण झालं, आणि पंधरा दिवसांनी काकांनी आत्याला निरोप धाडला की तालुक्याला ये, कागदावर सही करायचीय. मी तेव्हा बारावीला, सुट्टी म्हणून आत्याबरोबर गेले. त्या ऑफिसच्या बाहेर एक लांब बाकडं होतं आणि त्यावर अशाच पाच-सहा बायका, सगळ्या काठपदर नेसून, जणू हळदीकुंकवाला आल्यात, प्रत्येकीबरोबर एक भाऊ. आत साहेब नव्हते, जेवायला गेलेले, ते तीनला आले. आत्याने विचारलं कसला कागद, काका म्हणाले हक्कसोड, तुला काय करायचीय आता जमीन, दिवाळीला साडी आहेच की. आत्याला सही येते, चौथी पास आहे, पण तिथला माणूस शाईचं पॅड आधीच उघडून बसला होता, अंगठाच घेतला. तिने तो नंतर कितीतरी वेळ पदराला पुसला.

तेव्हा मला वाटायचं कायद्यात बाईला काही नसेलच म्हणून सोडवून घेतात. या धाग्याच्या निमित्ताने काल विचारलं एका ओळखीच्या वकील मैत्रिणीला, तर कळलं की ५६ च्या कायद्यानेच तिला वारस म्हणून वाटा होता. नसता, तर सोडायचा कागद तरी कशाला लागला असता?

चिकूचं_झाड

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून थांबलोच.

तो ५६ चा कायदा म्हणजे त्याच मोडलेल्या बिलाचा एक तुकडा. ५१ च्या सप्टेंबरात विवाह-घटस्फोटाचा भाग तेवढा घेऊ म्हणाले, चार कलमं पास झाली आणि बिल गुंडाळलं. २७ सप्टेंबरला राजीनामा. मग ऑक्टोबरात सभागृहात निवेदन वाचायचं होतं तर उपसभापती म्हणाले आधी प्रत दाखवा, हे तिथून उठून बाहेर आले आणि कागद वार्ताहरांना दिला. त्यातच त्यांनी लिहिलंय की मंत्रिमंडळ म्हणजे समित्यांनी आधीच ठरवलेलं नोंदवून घेणारं ऑफिस झालंय. नोंदणी ऑफिस! तुमच्या आत्याचं बाकडं आठवलं.

पुढे त्या बिलाचे चार कायदे झाले, ५५ ला विवाह, ५६ ला वारसा, पालकत्व, दत्तक. त्यातला विवाहाचा नि वारशाचा लोकसभेत लढवला तो आपल्या ह. वि. पाटसकरांनी. इंदापूरचा जन्म, खानदेशातून निवडून गेलेले. त्यांचं नाव आज कुणाला सांगितलं तर ओळखत नाहीत, मलाही महिन्यापूर्वी माहीत नव्हतं.

वकीलसाहेब

शुभदाताई, कायद्याचं थोडं. ५६ ला मुलीला वडिलांच्या वाट्यात वाटा मिळाला, पण वडिलोपार्जित एकत्र कुटुंबात ती जन्मतः सहदायाद, म्हणजे मुलासारखी जन्मापासूनची हिस्सेदार नव्हती, तो मिताक्षराचा (जुन्या हिंदू वारसापद्धतीचा) भाग तसाच ठेवला, जो आंबेडकरांना काढायचा होता. महाराष्ट्राने १९९४ ला मुलींना सहदायाद केलं पण २२ जून ९४ च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. मग केंद्राची २००५ ची दुरुस्ती, ती अट गेली, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वडील तेव्हा हयात असले पाहिजेत असंही नाही. आत्यांचं लग्न कधीचं?

पण नोंदणी झालेला हक्कसोड असेल तर अवघड असतं. फसवून घेतला असं सिद्ध करायचं आणि त्यालाही मुदत. कागद पाहिल्याशिवाय जास्त बोलत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शुभदा_ता

लग्न ८९ चं.

व्यनि नको वकीलसाहेब, आभार. आज सकाळीच फोन केला होता तिला, हे सगळं सांगितलं, आंबेडकर, पाटसकर, ९४, २००५. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे मला सही येत हुती तरी अंगठा घ्यायचा हक्क न्हवता का त्यास्नी?"

मी म्हटलं नव्हता.

म्हणाली बरं, आणि पाऊस आहे का विचारलं तुमच्याकडं.

निवृत्त_बाबू

ताई, माझ्याकडे जुन्या राजपत्रांचे काही बांधलेले खंड आहेत, घरातले रद्दीत घालायचं म्हणतायत. कुणाला हवे असतील तर डोंबिवलीला येऊन न्या. ५० चा शब्दबदलाचा आदेश त्यात आहे, मुंबई प्रांताच्या भागाला माझी लाल पेन्सिल लागलीय तेवढं चालवून घ्या.

गोदातीर

काका मी येतो. पुढच्या रविवारी देवगिरीने.